तिलिस्म आणि तपास : कुमार कादंबरीतील अद्भुत व रहस्य

आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासाला, मी सातवीच्या मुलांना मराठी गोष्ट वाचून दाखवते. शाळा उर्दू माध्यमाची, मुंब्रा-कल्याण पट्ट्यातली. घरची बोली कुणाची कोकणी, कुणाची दखनी, कुणाची आझमगढकडची. मराठी बहुतेकांसाठी पाठ्यपुस्तकापुरती. मागच्या वर्षी एक कुमार रहस्यकथा चार तास पुरवून वाचली. पडका वाडा, रात्री हलणारा दिवा, विहिरीतून येणारा आवाज, असा सगळा जामानिमा होता. चौथ्या तासाला उलगडा झाला की दिवा चोरांचा होता आणि आवाजही त्यांचाच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पहिल्या बाकावरची एक मुलगी नाराज दिसली. विचारले तर म्हणाली, "टीचर, भूत था ही नहीं तो तीन दिन डराया कायको?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की या मुलीने नकळत एक वाङ्मयीन प्रश्न उभा केला आहे. अद्भुताचे आमिष दाखवून शेवटी ते काढून घेणे ही वाचकाची फसवणूक आहे का? आणि अद्भुत खरेच ठेवले, तर मग रहस्याला काय अर्थ उरतो? मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीत या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? या लेखात मी त्याचा विचार करू पाहते आहे. तो करताना माझ्यासमोर मराठी आणि उर्दू अशी दोन्ही दालने आहेत, कारण माझे विद्यार्थी या दोन दालनांच्या मधल्या उंबऱ्यावर उभे आहेत.

आधी अडचण नीट समजून घेऊ. रहस्यकथेत वाचक आणि लेखक यांच्यात एक करार असतो. जे घडले ते कसे घडू शकते आणि कसे घडू शकत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. खोली आतून बंद आहे आणि आत प्रेत आहे, एवढ्यावरच वाचक चक्रावतो, कारण भिंतीतून माणूस जाऊ शकत नाही हे त्याला माहीत असते. आता त्या गोष्टीत भिंतीतून जाणारा जादूगार आणला, की कोडे संपले. याउलट अद्भुतकथेची गोडीच या 'शक्य-अशक्य'च्या कुंपणाबाहेर असते. परी, राक्षस, उडता गालिचा यांना कुणी पुरावा मागत नाही. म्हणून पुष्कळांना वाटते की ही दोन वेगळी घरे आहेत. लहानांना पऱ्या द्याव्यात, जरा मोठे झाले की हेर आणि चोर द्यावेत. आपल्या बालवाङ्मयाची वाटणी साधारण अशीच झाली आहे.

पण आपली जुनी परंपरा ही वाटणी मानत नाही. 'अलिफ लैला'तली तीन सफरचंदांची गोष्ट पाहा. दजला नदीतून कोळ्याच्या जाळ्यात एक पेटी येते, पेटीत एका स्त्रीचे प्रेत निघते आणि खलिफा हारून रशीद आपल्या वजिराला, जाफरला, तीन दिवसांत खुनी हजर करण्याचा हुकूम देतो. पऱ्या आणि जिन यांनी गजबजलेल्या त्या ग्रंथात ही चक्क खुनाची कथा आहे. मात्र रहस्यकथा म्हणून ती एका जागी लंगडी आहे. जाफर तपास करतच नाही. खुनी स्वतःहून कबुली देतो. आणि ज्या गुलामाच्या थापेमुळे हे सारे घडले तो सापडतो तोही योगायोगानेच, जाफरच्याच लेकीजवळच्या सफरचंदामुळे. कथेत कोडे आहे, पण ते सोडवणारी बुद्धी नाही. ही 'अलिफ लैला' मराठीत आली ती 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' म्हणून. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरून, कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या हातून. बगदादच्या गोष्टी पुण्याच्या शास्त्रीबुवांनी मराठी मुलाच्या हाती दिल्या, ही गोष्ट आपण विसरू नये.

तपास करणारी बुद्धी मला सापडते ती उर्दू दास्तानांत. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३पासून छापायला घेतलेला अवाढव्य ग्रंथ. आरंभीचे खंड मुहंमद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. पैगंबरसाहेबांचे (स.) चुलते हजरत हमजा (र.) यांच्या नावाभोवती शतकानुशतके रचल्या गेलेल्या दास्तानीचा हा भारतात फुललेला विस्तार. आपल्याकडे 'तिलिस्म' म्हणजे नुसती जादू असे समजतात. पण दास्तानीतला तिलिस्म ही एक रचना आहे. कुणीतरी ती बांधलेली असते. तिला दारे असतात, पहारे असतात, फसव्या वाटा असतात आणि ती मोडण्याची रीतही आधीपासून ठरलेली असते. ही रीत ज्या पाटीवर लिहिलेली असते तिला 'लौह' म्हणतात. लौह हाती येईपर्यंत तलवारीचा उपयोग नाही. लौह मिळूनही ती नीट वाचली नाही तर वीर आणखी खोल अडकतो. म्हणजे तिलिस्मात जादू आहे, पण बेबंद जादू नाही. तिला कायदा आहे. जिथे कायदा आहे तिथे कोडे घालता येते आणि जिथे कोडे आहे तिथे अक्कल चालवता येते.

या दास्तानीचा खरा लाडका नायक म्हणजे अमर अय्यार. तो जादू शिकलेला नाही. त्याच्याजवळ सारे जग मावेल अशी जंबील आहे, दिसेनासे करणारी घोंगडी आहे, पण या देणग्यांच्या जोरावर तो जिंकतो असे नाही. तो जिंकतो वेष बदलून, आवाज बदलून, समोरच्या जादूगाराचा लोभ किंवा गर्व नेमका ओळखून. अफरासियाबसारखा जादूगारांचा बादशहा एका फाटक्या अय्यारापुढे हतबल होतो, ही त्या ग्रंथाची खरी गंमत आहे. हिंदीत देवकीनंदन खत्री यांनी १८८८ मध्ये 'चंद्रकांता' लिहिली तेव्हा याच तिलिस्म-अय्यारीची त्यांनी नव्याने मांडणी केली. ज्यांनी १९९०च्या दशकात दूरदर्शनवर 'चंद्रकांता' पाहिली त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मराठी कादंबरीही सुरुवातीला या वाटेने चालली होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने तरुण वाचकांना वेड लावले. पुढे वास्तववादाला प्रतिष्ठा आली आणि अद्भुत मागे पडले, ते थेट बालवाडीच्या खोलीत जाऊन बसले. रहस्य दुसऱ्या वाटेने गेले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहून वाचकांची एक अख्खी पिढी घडवली, पण समीक्षेने त्यांच्याकडे पाहिले नाही.

कुमारांसाठी रहस्य लिहिणारे सर्वांत मोठे नाव म्हणजे भा. रा. भागवत (१९१०-२००१). 'फास्टर फेणे'ची पुस्तके १९७४पासून येऊ लागली. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा हा काटकुळा बनेश फेणे सायकलवरून निघतो आणि जिथे जातो तिथे भानगडीत सापडतो. मला भागवतांचे मोठेपण यात वाटते की त्यांनी मुलाला मुलगाच राहू दिले. फेणेजवळ पिस्तूल नाही, अधिकार नाही. आहेत ते तीक्ष्ण डोळे, चपळ पाय आणि आगाऊपणा. त्या अर्थाने तो अमर अय्यारचा पुणेरी भाऊबंद शोभेल. पण फेणेच्या जगात अद्भुताला जागा नाही. 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे' या नावातले गूढ माणसांनी केलेले आहे. अद्भुताची हौस भागवतांनी दुसऱ्या दालनात भागवली. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' अशा नावांनी मराठीत आणल्या. एकाच लेखकाच्या दोन हातांत या दोन गोष्टी होत्या, तरी त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या. हा त्यांचा दोष नव्हे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुलांना विज्ञाननिष्ठ करण्याची जी आस होती तिच्याशी हे सुसंगतच होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अद्भुत आणि रहस्य एकत्र आणण्याच्या मला तीन रीती दिसतात.

पहिली रीत, अद्भुत खोटे निघण्याची. माझ्या विद्यार्थिनीची तक्रार हिच्याबद्दलच होती. या रीतीचा उर्दूतला उस्ताद म्हणजे इब्ने सफी. १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत'पासून इमरान मालिका. कल्याण-भिवंडीच्या जुन्या मोहल्ल्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत इब्ने सफीच्या ताज्या अंकासाठी लागणारी रांग आठवत असेल. 'खौफनाक इमारत'मध्ये एक बंद इमारत आहे, आत मजार आहे आणि तिथे प्रेत सापडते. लोकांच्या मनात मजारीची दहशत आहे. इमरान ती बाजूला सारून माणसाचा हात शोधून काढतो. इथे भुताने घाबरवले ते उगाच नाही. ती दहशत हेच गुन्हेगाराचे हत्यार आहे. लोक घाबरतात म्हणून तिकडे फिरकत नाहीत आणि फिरकत नाहीत म्हणून त्याचे फावते. म्हणजे भीती कुणाला वाटते याबरोबरच भीतीचा फायदा कुणाला, हा प्रश्न लेखक वाचकाच्या हाती देतो. माझ्या वर्गात मी वाचलेल्या गोष्टीत हाच प्रश्न नव्हता. चोरांना दिवा हलवण्याची गरज का पडली हे लेखकाने सांगितलेच नाही. वातावरण तयार करायचे म्हणून भूत आणले आणि पाने संपत आली म्हणून ते घालवले. मुलीची तक्रार रास्त होती.

या पहिल्या रीतीचे मोल आपल्या वस्तीत वेगळे सांगायला नको. लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'चोवीस तासांत काम' करून देणाऱ्या बाबांची पत्रके आपली मुले रोज वाचतात. कुणाच्या घरी आजारी बाळाला दवाखान्याआधी झाडफुंकवाल्याकडे नेतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण कायद्याचे कलम सातवीच्या मुलाच्या मनात उतरत नाही. 'या भीतीचा फायदा कुणाला?' हा प्रश्न गोष्टीतून एकदा उतरला की तो जन्मभर राहतो.

दुसरी रीत, अद्भुत खरे ठेवून त्याला नियम घालण्याची. ही तिलिस्माची रीत. अलीकडच्या काळात तिचा सर्वांत यशस्वी वापर जे. के. रोलिंग यांनी केला. हॅरी पॉटरच्या पुस्तकांना आपण जादूच्या कादंबऱ्या म्हणतो, पण १९९८ साली आलेले दुसरे पुस्तक उघडून पाहा. ते एक शिस्तशीर तपासाचे पुस्तक आहे. शाळेत एकामागून एक मुले दगडासारखी ताठ होऊन पडतात. करणारा कोण हे कळत नाही. पण खुणा वाचकासमोर पसरलेल्या आहेत : मारले गेलेले कोंबडे, पळणारे कोळी, जमिनीवर सांडलेले पाणी, भिंतीतून ऐकू येणारा आवाज. ज्याच्या नजरेला थेट नजर भिडली तर माणूस मरतो अशा सापाचे हे काम आहे. मुले वाचली, कारण कुणी त्याला पाण्यात पाहिले, कुणी आरशात, कुणी कॅमेऱ्यातून. साप अद्भुत आहे, उकल मात्र शुद्ध तर्काची. ती करते ग्रंथालयात जाऊन पुस्तक चाळणारी एक मुलगी. जादूने कोडे घातले आणि अकलेने ते सोडवले. माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीची ही पहिली कसोटी आहे. याच्या उलट झाले, म्हणजे कोडे माणसाने घातले आणि शेवटच्या प्रकरणात कुणी जादूची कांडी फिरवून ते सोडवले, तर मुलाने तोवर चालवलेली सारी बुद्धी वाया जाते.

नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा मला या कसोटीवर थोड्या उण्या वाटतात. त्या मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत हे खरे, पण वाचतात त्या पंधरा-सोळा वर्षांची मुलेच. मराठीत अमानवी घटनांचा तपास करणारा असा दुसरा नायक नाही आणि भयाचे वातावरण उभे करण्यात धारपांचा हात धरणारा कुणी नाही. पण समर्थांची शक्ती मुळातच इतकी मोठी आहे की त्यांच्याबरोबर वाचकाला तपास करता येत नाही. तो फक्त पाहत राहतो. लौह समर्थांच्या हाती आहे, आपल्याला ती वाचायला मिळत नाही.

तिसरी रीत सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय. तिच्यात गुन्हा पूर्ण उलगडतो, पण एक अद्भुत तसेच ठेवले जाते. सत्यजित राय यांची 'सोनार केल्ला' (१९७१) हे याचे उत्तम उदाहरण. फेलुदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांपर्यंत पोचल्या आहेत. मुकुल नावाच्या लहान मुलाला मागच्या जन्मीचा सोन्याचा किल्ला आठवतो. त्याच्या बोलण्यात खजिन्याचा उल्लेख येतो आणि लोभी माणसे त्याच्या मागे लागतात. लोभी कोण, कुणाचे सोंग घेतले, हे सारे फेलुदा तर्काने शोधतो. मुकुलच्या आठवणी मात्र तो खोडून काढत बसत नाही.

ही कथा वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने लगेच विचारले, "टीचर, दूसरा जनम होता है क्या?" आमच्या अकीद्यात पुनर्जन्म नाही, हे त्यालाही ठाऊक होते. मी म्हणाले, आपण तसे मानत नाही, गोष्टीतला मुकुल मानतो. तुला मुकुलची काळजी वाटली की नाही? तो म्हणाला, वाटली. माझ्या दृष्टीने साहित्याने आपले काम तिथे केले. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही त्या गोष्टीच्या आत शिरून दुसऱ्याच्या लेकराची काळजी वाटणे, हे ठाणे जिल्ह्यातल्या मिश्र वस्तीत वाढणाऱ्या मुलाला आवश्यक असे शिक्षण आहे.

इथे आपल्या घरांतून येणाऱ्या एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. अनेक पालक म्हणतात, जादू हराम आहे, मग जादूच्या गोष्टी मुलांना कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. जिन्नांचे अस्तित्व आपण मानतो, कुरआनात त्या नावाची सूराच आहे आणि जादूटोणा निषिद्ध आहे. पण दास्तान ऐकणारे आणि सांगणारे लखनौचे लोकही नमाजीच होते. दास्तानीत जादूच्या जोरावर खुदाई मिरवणारे बादशहा शेवटी धुळीला मिळतात. महरुख, बहार यांसारख्या जादूगारिणी नायकाच्या बाजूला येतात हे खरे, पण कथेची बाजी पुनःपुन्हा मारतो तो अय्यार आणि त्याची अक्कल. ज्या मुलाने तिलिस्म तुटताना शंभर वेळा ऐकला आहे त्याला तिलिस्म हा तुटणारा असतो हे कळते. मला भीती वाटते ती जादूच्या गोष्टी वाचणाऱ्या मुलाची नाही, तर ज्याने एकही गोष्ट वाचली नाही आणि मोबाइलवर आलेली प्रत्येक चमत्काराची चित्रफीत जो खरी मानून पुढे पाठवतो त्या मुलाची.

आणि ही भीती खरी आहे, कारण आपल्या मुलांच्या हातून दोन्ही दालने निसटत चालली आहेत. उर्दूत मुलांसाठी अद्भुत आणि साहस यांची सांगड घालणारे लेखन होते. कृष्ण चंदर यांचे 'उल्टा दरख्त' जमिनीखाली वाढत जाणाऱ्या झाडाची गोष्ट सांगता सांगता राज्यकर्त्यांची खिल्ली उडवते. सिराज अन्वर यांच्या 'खौफनाक जजीरा', 'काली दुनिया', 'नीली दुनिया' या कादंबऱ्या दिल्लीच्या 'खिलौना' मासिकातून क्रमशः आल्या आणि मुले पुढच्या अंकाची वाट पाहत बसली. 'खिलौना' १९८०च्या दशकात बंद पडले. मराठीत बालभारतीचे 'किशोर' १९७१पासून निघते आहे, पण ते उर्दू शाळेच्या कपाटात क्वचित दिसते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. दोन्ही आमच्या मुलांच्या घरापासून एका लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर आहेत, तरी पायरी चढणारी मुले थोडी. त्याचे एक कारण भाषा, आणि दुसरे हे की आत गेल्यावर आपल्यासारखे कुणी पुस्तकात भेटत नाही.

मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीने कविता दिली, कथा दिली, आत्मकथने दिली, वैचारिक लेखन दिले. फारूक एस. काझी यांच्यासारखे लेखक मुलांसाठी मराठीत लिहीत आहेत. पण माझ्या वाचनात या चळवळीतून आलेली कुमारांसाठीची रहस्य-अद्भुताची दमदार कादंबरी अजून आलेली नाही. आपण आपल्या वेदना पुष्कळ लिहिल्या आणि त्या लिहायलाच हव्या होत्या. पण मुलाला वेदनेबरोबर कुतूहलही लागते. बारा वर्षांच्या वाचकाला आपण पीडित म्हणून भेटलो, समंजस शेजारी म्हणून भेटलो, तपास करणारा नायक म्हणून भेटलो नाही.

असा नायक म्हणजे फेणेच्या जागी फिरोज नाव घालणे नव्हे. ईदचा शीरखुर्मा आणि टोपी यांची पेरणी केली म्हणजे कादंबरी आपली होत नाही. आपल्या भागात काय आहे ते पाहावे. प्राचीन ग्रीक दर्यावर्दी ज्याची नोंद करून गेले ते कल्याण बंदर आज खाडीच्या गाळात दडले आहे. त्याच खाडीवर दुर्गाडी किल्ला आहे. १८५४ मध्ये कल्याणला रेल्वे आली आणि १९१६ मध्ये पारसिकच्या डोंगरातून बोगदा निघाला. भिवंडीत यंत्रमागांचा आवाज थांबला की मोहल्ला अस्वस्थ होतो. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून मुंब्र्यात आलेल्या घरांत अशा पेट्या आहेत, ज्या आजीने अजून उघडलेल्या नाहीत. या सगळ्यात कोडी आहेत. एका पेटीत एक पाटी निघाली आणि तिच्यावरच्या ओळी निम्म्या उर्दूत, निम्म्या मोडीत असल्या, तर ती वाचायला दोन घरची मुले एकत्र बसावी लागतील. लौह वाचण्यासाठी दोन लिप्या लागतात, हा नियम लेखकाला कुणी शिकवायला नको. आपण त्यातच राहतो.

लिहिणाऱ्यांसाठी म्हणून, एक वाचक आणि शिक्षिका या नात्याने, तीन अपेक्षा नोंदवते. पहिली, अद्भुताचा नियम पहिल्या काही प्रकरणांतच सांगावा. भूत या जगात असू शकते की नाही, जादूने काय होते आणि काय होत नाही, हे मुलाला आधी कळले पाहिजे. दुसरी, उकल मुलांच्या हातून व्हावी, त्यांच्याजवळ जे आहे त्यातून. शेवटी कुणी पीर, पोलीस किंवा हुशार काका येऊन सारे उलगडून सांगणार असेल तर मुलांना नायक म्हणू नये. तिसरी, उलगडा झाल्यावर जग आधीपेक्षा लहान वाटू नये. चोर सापडला तरी वाड्याकडे पुन्हा पाहावेसे वाटले पाहिजे. भाषेबद्दल एवढेच की संवादांत मुले जशी बोलतात तशी बोलू द्यावीत. निवेदन सोप्या मराठीत असले तर उर्दू माध्यमाचे मूल अडखळत का होईना, पुढे जाते. पुढे काय होणार हे कळून घेण्याची ओढ जे करते ते माझे व्याकरणाचे दहा तास करू शकत नाहीत.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. म्हटले, तुझे बरोबर होते, लेखकाने भुताचे कारण सांगायला हवे होते. मग मी वर्गाला सांगितले, चोरांनी दिवा का हलवला ते तुम्ही शोधा आणि लिहून आणा. अठ्ठावीस वह्या आल्या. कुणी लिहिले, गावकऱ्यांनी विहिरीवर येऊ नये म्हणून. कुणी लिहिले, खाडीतल्या होडीला खूण करण्यासाठी. त्या मुलीने लिहिले की चोरांपैकी एकाला खरेच भुताची भीती वाटत होती, म्हणून तो दिवा विझू देत नव्हता. मराठीत अकरा चुका होत्या. मी त्या लाल शाईने दाखवल्या नाहीत.

मूळ पुस्तकात नसलेले हे कारण मला त्या पुस्तकापेक्षा चांगले वाटले. आपल्या मुलांजवळ कल्पनाही आहे आणि तर्कही आहे. त्यांना जोडणारी कादंबरी आपल्यापैकी कुणीतरी, मराठीत, लिहायला घ्यावी. शुक्रवारचा शेवटचा तास मी तिच्यासाठी राखून ठेवते आहे.